‘चढाई’च्या खालचा आवाज

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी चौथ्या रिळाच्या संगीतपट्टीवर माणसाचा आवाज ऐकू आला. तिथे तो असायचं कारण नव्हतं. जुन्या सिनेमांचा आवाज तीन पट्ट्यांवर वेगवेगळा ठेवलेला असतो. एकीवर बोलणं, दुसरीवर विमानांची घरघर आणि गोळीबार, तिसरीवर फक्त वाद्यं. ही तिसरी पट्टी होती. हिच्यावर सत्तर वादकांचा वाद्यवृंद होता आणि, आता कळत होतं, एक माणूसही होता.

ध्वनिदुरुस्तीच्या खोलीत ती एकटीच होती. तिने तेवढा तुकडा पुन्हा लावला. व्हायोलिनं थांबतात, हॉर्न अजून सुरू व्हायचे असतात, मधे दोन श्वासांची शांतता असते. त्या शांततेत, पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखं, कोणीतरी म्हणत होतं, “झाकण सरकत नाही. पाच हजार.”

मग हॉर्न सुरू झाले.

ते हॉर्न शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. त्या तुकड्याला ‘चढाई’ म्हणतात. हवाई युद्धाचा तो सिनेमा ज्यांनी जन्मात पाहिला नाही, त्यांनाही ‘चढाई’ पाठ असते. मैदानावर संघ उतरताना ती वाजते, शाळांच्या बँडला ती शिकवतात, वैमानिकांच्या अकादमीत नवे अधिकारी संचलन करत बाहेर पडतात ते तिच्याच तालावर. विमानं ढगातून वर येतात, सूर एकेक पायरी चढत जातात आणि ऐकणाऱ्याची छाती आपोआप फुगते. ही चाल तिच्या सासऱ्यांची. जग त्यांना मास्तर म्हणत असे. घरात ते बाबा होते, वय चौऱ्याऐंशी, डाव्या कानात यंत्र, आणि उजवा कान, त्यांच्याच शब्दांत, ‘शोभेचा’.

सिनेमा नव्याने प्रदर्शित व्हायचा होता आणि आवाज साफ करायचं काम तिच्याकडे आलं होतं. सासऱ्यांमुळे नाही. प्रयोगशाळेत ते काम करणारी ती एकटीच होती, म्हणून.

बाराच्या सुमारास कात्रीसाहेब आत आले. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. तरुणपणी फिल्म कापायचे, तेव्हाचं हे नाव त्यांना चिकटलं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच चौथं रीळ ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“बाई, बेस कुठे गेले?”

“कुठले बेस?”

“चार डबल बेस होते इथे. मास्तरांनी त्यांना अख्ख्या लढाईभर एकच खालचा सूर धरायला लावला होता. इंजिनासारखा. तुम्ही काय केलंत?”

तिला कळायला एक क्षण लागला. जुन्या पट्ट्यांवर विजेची एक गुणगुण बसलेली असते. खालचा, जाड, न हलणारा सूर. पहिल्या दिवशी पहिलं काम म्हणजे ती पुसणं. तिने ती सकाळी पुसली होती. मास्तरांनी इंजिनासाठी निवडलेला सूर आणि विजेचा सूर जवळजवळ एकच निघाला, आणि चार वादक त्या गुणगुणीबरोबर धुऊन निघाले.

“चार माणसं पुसलीत,” कात्रीसाहेब म्हणाले. “तीही सासऱ्यांची. घर झाडायला घेतलं आणि सासऱ्यालाच उंबऱ्याबाहेर लोटलं की हो!”

“परत घालते.”

“घाला. कोणीही फसलं असतं, तो भाग वेगळा. पण गुरुवारी पाचला मला हे रीळ बेससकट पाहिजे.”

ते गेले. आवाजाबद्दल ती त्यांच्याशी बोलली नाही. का नाही, याचं उत्तर तिला तेव्हा देता आलं नसतं.

तो आवाज तिथे कसा आला, हे मात्र तिला लगेच समजलं होतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाद्यवृंदाच्या संचालकाच्या कानाला हेडफोन असतात. पडद्यावरच्या दृश्याशी संगीत जुळावं म्हणून त्यात दृश्याचा आवाज चालू असतो. हेडफोन सैल असला की त्यातलं थोडंसं बाहेर झिरपतं आणि समोरच्या मायक्रोफोनमध्ये शिरतं. बेसचा सूर वर होता तोवर हे झिरपलेलं त्याच्याखाली झाकलेलं होतं. तिने झाकण काढलं होतं. आणि बेस परत घातले की ते पुन्हा बसणार होतं.

संचालक अर्थातच मास्तर स्वतः होते.

दुपारभर ती तो आवाज शोधत राहिली. वाद्यं दमदार झाली की तो बुडायचा, वाद्यांनी दम घेतला की डोकं वर काढायचा. तरुण आवाज होता. नट नव्हता. नट इतकं सपाट बोलत नाहीत. सहा हजार, मग पाच, मग चार. एकदा “हात पोचतोय, पण हलत नाही”. एकदा नुसताच श्वास. माणूस विमानाची उंची फुटांत सांगत होता आणि उंची कमी होत होती. आणि प्रत्येक आकड्यानंतर, न चुकता, ‘चढाई’चा सूर एक पायरी वर जात होता.

दोन हजारांनंतर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, झांजा सगळे एकदम येतात. त्यापुढचं काही ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा मुलगा बैठकीत जमिनीवर बसून बॅग भरत होता. त्याला सगळे टिल्ल्या म्हणत, कारण जन्मला तेव्हा तळहाताएवढा होता. आता दारातून जाताना मान वाकवायचा. वैमानिक म्हणून निवड होताना त्याची बसलेली उंची मोजली होती, डोकं विमानाच्या काचेला लागू नये म्हणून. तो अगदी काठावर पास झाला होता. अर्धं बोट जास्त असता तर वाचलो असतो, असं तिच्या मनात आलं होतं. ‘वाचलो’ हा शब्द तिने कोणालाच सांगितला नव्हता. त्याचे वडील तेलवाहू जहाजावर होते. त्यांनी दोन ओळींत अभिनंदन पाठवलं होतं आणि तिसऱ्या ओळीत ‘तुझ्या आईला सांभाळ’ असं लिहिलं होतं. निघायचा दिवस शुक्रवार होता, हजर व्हायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाच.

“मोजे किती घेऊ?” त्याने विचारलं.

“लागतील तितके.”

“आजोबा म्हणतात, मोजे सैन्य देतं.”

“आजोबा कधी होते सैन्यात?”

खिडकीजवळच्या खुर्चीतून मास्तर म्हणाले, “सैन्यात नव्हतो, पण सैन्यातल्या लोकांनी माझ्याच चालीवर मोजे घातलेत.”

टिल्ल्या हसला आणि तोंडाने ‘चढाई’ वाजवत मोजे बॅगेत भरू लागला. लहानपणापासून तो ती अशीच वाजवायचा, गाल फुगवून, हॉर्नसारखी. पाचव्या सुराला ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बुधवारी ती दुपारी लवकर घरी आली. टिल्ल्या मित्रांचा निरोप घ्यायला गेला होता. तिने मास्तरांसमोर चहा ठेवला, यंत्राची बॅटरी बदलून दिली आणि म्हणाली, “बाबा, चौथ्या रिळात कोण बोलतंय?”

मास्तरांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. प्यायले नाहीत.

“ऐकू येतंय?”

“बेस चुकून पुसले. त्याखाली सापडलं. तुमच्या हेडफोनमधून झिरपलंय.”

“सैल होते ते. तेव्हाच सांगितलं होतं त्या तंत्रज्ञाला.” त्यांनी बशी खाली ठेवली. “आमच्यात एक पद्धत होती. संचालकाच्या कानात काय चाललंय, हे वादकांनी विचारायचं नाही. कानातलं कानात. सत्तरजण समोर बसले होते, एकानेही विचारलं नाही.”

“मी वादक नाही. तुम्हाला ऐकवू का? फोनवर घेऊन आलेय.”

“नको. पाठ आहे.”

आणि त्यांनी खरोखरच म्हणून दाखवलं. उजवा हात टेबलावर होता, तो आपोआप उचलला गेला. बोटं संचालनाची काठी धरल्यासारखी जुळली. सहा हजार, म्हणाले, आणि हात खाली आला. वर गेला. झाकण सरकत नाही. खाली. पाच हजार. आवाजात काहीच नव्हतं, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसा. दोन हजारांच्या पुढे, जे तिला ऐकू आलं नव्हतं, तेही त्यांनी सोडलं नाही. पंधराशे. “सूर्य डोळ्यात येतोय.” हजार. आठशे. मग हात वरच थांबला.

“मग?”

“मग काही नाही. मी तीन ठोके मोकळे दिले. ते स्वरलिपीत लिहिलेत. लोकांना वाटतं, शेवटच्या दणक्याआधी दम घ्यायला ठेवलेत.” हात खाली आला. “खरं रेकॉर्डिंग होतं. सैन्याने दिग्दर्शकाला दिलं होतं, सिनेमात वापरायला. नाव नव्हतं सांगितलं. नंतर निर्माता म्हणाला, हे ऐकून लोक उठून जातील. आवाज काढला आणि संगीत ठेवलं.”

“आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“वाजवल्या.”

“बाबा, तो खाली पडत होता आणि तुम्ही सूर चढवलेत.”

“मग काय उतरवायला हवे होते?” मास्तरांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. “तो खाली येत होता आणि माझ्या हातात फक्त एक काठी होती. त्या काठीने जेवढं उचलता येतं तेवढं मी उचललं. दिग्दर्शक ओरडत होता, जलद घ्या, जलद घ्या. मी घेतलं नाही. त्याचं बोलणं संपायच्या आत मी एकदाही पुढे गेलो नाही. आज सगळे पळत सुटतात. मैदानावर वाजवतात तेव्हा वाटतं, अरे, या वेगाने तो दोन हजारांवरच मरेल.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा रडत नव्हता. त्याच्या चालीचा वेग लोकांनी बिघडवलाय म्हणून तो चिडला होता.

“टिल्ल्याचं काय?” तिने विचारलं.

“त्याचं काय?”

“तो तुमच्या ‘चढाई’वर चढून निघालाय. त्याला वाटतं हा विजय आहे.”

“पोरं चालीवर जात नसतात, सूनबाई. जायचं ठरलेलं असतं म्हणून चाल गुणगुणतात.”

“सहा महिन्यांचा होता तेव्हापासून तुम्ही त्याला ह्यावर झोपवलंय.”

“झोपवलंय ना? उडवलं तर नाही.” मग ते नरम झाले. “हे बघ. निघायच्या तोंडावर माणसाच्या कानात असलं काही घालू नये. तुझा जीव तुटतोय, कळतं मला. पण दुसऱ्याच्या मरणाची दोरी करून पोराला बांधशील, तर ते पोर तुला आयुष्यभर माफ करणार नाही. आणि तो माणूसही नाही.”

“तो माणूस मेलाय, बाबा.”

“म्हणूनच म्हणतो.”

चहा गार झाला. तिने तो परत नेऊन ओतून टाकला आणि पुन्हा केला नाही.

रात्रभर ती तेच घोळवत राहिली. मास्तरांचं शेवटचं वाक्य खरं होतं, हीच अडचण होती. पण त्याच्या पलीकडचंही खरं होतं. सत्य हाताशी असताना पोराला खोट्या चालीवर रवाना करायचं, हे कुठल्या आईपणात बसतं? दोन्ही बाजूंनी विचार केला की दोन्ही बाजू खऱ्या निघायच्या आणि ती होती तिथेच राहायची.

गुरुवारी दुपारी तिने टिल्ल्याला प्रयोगशाळेत बोलावलं. तो आला तेव्हा कात्रीसाहेब दारात भेटले. “या, वैमानिक! वर जाल तेव्हा आमच्या छतावरची गळती बघून ठेवा, इथून दिसत नाही,” असं म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि जेवायला गेले.

खोलीचं दार बंद झालं की बाहेरचा आवाज तुटतो आणि स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येतं. टिल्ल्याला ते लहानपणापासून आवडायचं. तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला, गुडघे टेबलाला लागले.

“आजोबांच्या ‘चढाई’खाली एक आवाज आहे,” ती म्हणाली. “खरा. एका वैमानिकाचा. ऐकायचाय का, ते तू ठरव. मी जबरदस्ती करणार नाही.”

त्याने तिच्याकडे बघितलं. तो मूर्ख नव्हता.

“आई, ते ऐकून मी गेलो तर तुला चालेल?”

तिने तो तुकडा पट्टीवर आणून ठेवला. त्याने हेडफोन घेतले आणि कानाला लावले.

ती त्याचा चेहरा बघत राहिली. काय दिसायला हवं होतं, ते तिने मनात कितीदा तरी पाहून ठेवलं होतं: ओठ घट्ट होतील, डोळे खाली जातील, हेडफोन काढताना हात थरथरेल. त्यातलं काही झालं नाही. त्याच्या भुवया जवळ आल्या, गणित सोडवताना यायच्या तशा. तुकडा संपला. त्याने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. तिने लावला. तिसऱ्यांदा त्याने स्वतःच संगणकाच्या पडद्यावरची रेघ मागे ओढली.

“उलटं करायचं,” तो म्हणाला.

“काय?”

“विमान. डोक्यावरचं काचेचं झाकण अडकलं तर विमान उलटं करायचं असतं. मग वजन झाकणावर येतं आणि ते सुटतं. जुन्या विमानांच्या माहितीत वाचलंय. चार हजारांपर्यंत वेळ होता त्याला. तो सरळच का ठेवून राहिला?” मग हेडफोन गळ्यात घेऊन त्याने विचारलं, “दोन हजारांनंतर काय झालं?”

“वाद्यं मोठी होतात. ऐकू येत नाही.”

“काढता येईल का?”

“नाही.”

“म्हणजे बाहेर निघालाही असेल,” टिल्ल्या म्हणाला.

आदल्या दिवशी हवेत थांबलेला हात तिच्या डोळ्यांसमोर होता. पण मुलाच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की त्यावर घाव घालायला तिची जीभ उचलेना. तो मरणाला घाबरला नव्हता. तो त्या माणसाची चूक दुरुस्त करत होता. जुन्या पट्टीवरचा खरखराट दिसला की ती स्वतः जशी पुढे वाकायची, तसाच तो वाकला होता. हे वळण त्याने कोणाकडून घेतलं, हे विचारायची गरज नव्हती.

साडेचारला तिने बेस परत घातले. चौथं रीळ पुन्हा पहिल्यासारखं झालं. कात्रीसाहेबांनी ऐकलं, मान डोलावली, म्हणाले, “आता कसं भरल्यासारखं वाटतंय!”

रात्री जेवताना टिल्ल्याने विषय काढला. तिने काढू नको असं सांगितलं नव्हतं.

“आजोबा, निघाला का हो तो?”

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“कोण?”

“‘चढाई’तला. झाकण अडकलेला. शेवटी निघाला का?”

मास्तरांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला, पाणी प्यायले.

“निघाला,” ते म्हणाले. “अगदी खाली आल्यावर. त्याने विमान उलटं केलं.”

टिल्ल्याने टेबलावर मूठ आपटली. “बघ! मी म्हणालो नव्हतो, आई? उलटं केलं त्याने!”

मास्तर नातवाकडे बघून हसत होते. हसू चेहऱ्यावर नीट बसत नव्हतं, मापाचं नसलेल्या कवळीसारखं. विमान उलटं करतात हे त्यांना कुठून कळलं, याचं तिला नवल वाटलं, मग लक्षात आलं की संध्याकाळभर टिल्ल्या फोनवर मित्राला तेच समजावत होता आणि यंत्राची बॅटरी नवी होती.

ती उठली. ताटं उचलली. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात मागून बैठकीतलं ऐकू येत होतं, आजोबा आणि नातू दोघं मिळून ‘चढाई’ म्हणत होते, एक गाल फुगवून, दुसरा टेबलावर ठोके देत. मास्तर मधेच थांबवत होते. “सावकाश. पळू नकोस. वाट बघ त्याची.”

शुक्रवारी सकाळी बस सातची होती. मास्तर घरीच थांबले, पायऱ्या उतरवत नाहीत म्हणाले. बस-स्थानकावर बॅग टपावर चढली, टिल्ल्याने आईच्या पायाला हात लावला आणि उठताना नेहमीसारखं तिच्या डोक्यावरून खाली बघत म्हणाला, “पोचलो की फोन करतो. रडणार नाहीस ना?”

“टिल्ल्या, तो निघाला नाही.”

त्याला आधी समजलं नाही.

“तो वैमानिक. आठशेपर्यंत बोलत होता. मग नाही. आजोबांनी ते पूर्ण ऐकलंय. काल खोटं बोलले.”

वाहक दारात उभा राहून शेवटची हाक देत होता. मागच्या खिडकीतून कोणाचं तरी बाळ रडत होतं. टिल्ल्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, पण ते काय होतं हे तिला ओळखता आलं नाही, आणि तिला त्याचा चेहरा जन्मापासून वाचता येत होता.

“खोटं का बोलले?”

“तू जावंस म्हणून.”

“आणि तू आत्ता का सांगतेयस?”

तिने विचार केला नाही. विचार केला असता तर कदाचित दुसरं काही म्हणाली असती.

“तू जाऊ नयेस म्हणून.”

तो मान हलवून हसला, किंवा हसल्यासारखं केलं. “दोघंही सारखेच आहात,” म्हणाला आणि बसमध्ये चढला. खिडकी तिच्या बाजूची नव्हती.

घरी आल्यावर मास्तरांनी विचारलं, “नीट गेला?” ती म्हणाली, “मी सांगितलं त्याला.” मास्तरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि दिवसभर परत घातलं नाही. तिने दोनदा हातवारे करून जेवायला बोलावलं. दुसऱ्यांदा ते आले.

फोन शुक्रवारी रात्री आला नाही. शनिवारी सकाळीही नाही. तिने केला तर वाजत राहायचा. नवऱ्याला जहाजावर निरोप पाठवला, तर उत्तर आलं की समुद्रात संपर्क तुटतो, काळजी करू नको, पोरं फोन विसरतात.

शनिवारी दुपारी दोन वाजता एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा अकादमीच्या कचेरीतला लेखनिक होता. सभ्य होता, थोडा वैतागलेला होता. म्हणाला, तुमच्या मुलाचे कागद दारावर जमा झालेत, बॅगही आत आली आहे, पण तो स्वतः आत आलेला नाही. दारासमोर रस्त्यापलीकडे एक बाक आहे, त्यावर बसलाय. सकाळी दहापासून. शिपायाने दोनदा जाऊन विचारलं, तर म्हणतो, येतो.

“बरं वाटत नाही का त्याला?” तिने विचारलं.

“तसं दिसत नाही. पाव खाल्ला त्याने, शिपायालाही दिला. घरी काही भांडण वगैरे झालंय का, बाई? असं होतं कधीकधी. मला फक्त कळायला हवं, मी त्याचं नाव हजर लिहू की काय लिहू.”

“त्याला विचारा.”

“तो सांगत नाहीये ना!”

तिने फोन मास्तरांना द्यायचा विचार केला. ते समोरच बसले होते, यंत्र पुन्हा कानात घातलेलं, दोन्ही हात गुडघ्यांवर. ते तिच्या तोंडाकडे बघत होते आणि तिने फोन पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ती लेखनिकाला म्हणाली, त्याला म्हणावं, आईला फोन कर. लेखनिक म्हणाला, सांगतो.

फोन आला नाही. पावणेचारला तिने स्वतःच कचेरीत फोन लावला. तोच लेखनिक होता. तो खिडकीपर्यंत जाऊन बघून आला, तेवढा वेळ तिला पलीकडच्या मैदानावर कोणीतरी हुकूम देत असल्याचं ऐकू येत होतं.

“बाकावरच आहे,” तो म्हणाला. “दार पाचला बंद होतं.”